महामारीचा उगम आणि व्यापारातली भांडणं : इंदूरकर नेहमी विचारतात ते प्रश्न

संयोगितागंजच्या धान्यमंडीला इंदुरात कोणी संयोगितागंज म्हणत नाही, सगळे छावनीच म्हणतात. तिथल्या एका दलालीच्या पेढीत मी आयातीची कागदपत्रं बघते. माल मुख्यतः मसूर, अधूनमधून चणा आणि वाटाणा. ऑस्ट्रेलियाचं नाव रोज तोंडात असतं, त्यामुळे २०२० साली चीन आणि ऑस्ट्रेलियाचं वाजलं तेव्हापासून प्रश्न माझ्याकडे येतात. डाळमिलवाले विचारतात, रामबागेतले नातेवाईक विचारतात, स्पर्धा परीक्षा देणारी मुलं तर रात्री अकरा वाजताही विचारतात. तेच ते उत्तर पुन्हा पुन्हा टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून काढते. प्रश्न जसे आले तसेच ठेवले आहेत, फक्त ओळीने लावले आहेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे गेला असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ताई, हे नेमकं सुरू कशावरून झालं?

१९ एप्रिल २०२० रोजी ऑस्ट्रेलियाच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री मरीस पेन यांनी टीव्हीवरच्या मुलाखतीत सांगितलं की कोविडची साथ कशी आणि कुठून सुरू झाली याची स्वतंत्र आंतरराष्ट्रीय चौकशी व्हावी. पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनीही तीच मागणी लावून धरली. चीनला ही मागणी म्हणजे आपल्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याचा डाव वाटला. त्याच महिन्याच्या अखेरीस चीनचे कॅनबेरातले राजदूत चंग जिंग्ये एका वर्तमानपत्राला म्हणाले की असंच चाललं तर आमची सामान्य माणसं ऑस्ट्रेलियाची वाइन का पितील, तिथलं गोमांस का खातील, मुलांना तिथे शिकायला का पाठवतील. त्यांनी धमकी अशी दिली नव्हती, गिऱ्हाइकाच्या मनातलं बोलून दाखवल्यासारखं बोलले. पण मंडीत बसणाऱ्याला अशा बोलण्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

दोन्ही देशांत त्याआधीही सगळं आलबेल नव्हतं. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये परकीय हस्तक्षेपाविरुद्ध कायदे केले होते आणि त्याच वर्षी ५जीच्या जाळ्यातून ह्वावे या चिनी कंपनीला बाहेर ठेवलं होतं. चौकशीची मागणी या साठलेल्या रागावर येऊन पडली.

२. चीनने कशाकशावर घाव घातला? एकदा यादी द्या.

मे २०२० मध्ये चार कत्तलखान्यांचं गोमांस थांबलं. एका आठवड्याच्या आत जवावर ८०.५ टक्के शुल्क बसलं. जूनमध्ये चिनी विद्यार्थ्यांना आणि पर्यटकांना ऑस्ट्रेलियाला जाताना दोनदा विचार करा असा सरकारी सल्ला निघाला. ऑक्टोबरपासून कोळसा आणि कापूस घेऊ नका असं चिनी कारखान्यांना तोंडी सांगितलं गेल्याच्या बातम्या येऊ लागल्या. नोव्हेंबरमध्ये जिवंत शेवंडी (लॉब्स्टर) शांघायच्या विमानतळावर अडकल्या, लाकडाचे ओंडके अडले, तांब्याच्या खनिजावर गदा आली, आणि महिना संपता संपता वाइनवर १०७ ते २१२ टक्के हंगामी शुल्क लागलं. मार्च २०२१ मध्ये ते कायम झालं तेव्हा ११६.२ ते २१८.४ टक्के होतं, पाच वर्षांसाठी.

यातली शेवंड माझ्या डोक्यात राहिली. कोळसा बंदरावर सहा महिने पडला तरी कोळसाच राहतो. जिवंत शेवंडीला तपासणीसाठी दोन दिवस थांबवलं की निकाल काय लागेल ते तपासणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. ऑस्ट्रेलियाच्या रॉक लॉब्स्टरचा नव्वद टक्क्यांहून जास्त माल तेव्हा चीनलाच जायचा.

३. या आदेशांत कोरोनाचं नाव कुठे लिहिलंय का?

नाही. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर बाकीचं पान वाचलं नाहीत तरी चालेल.

गोमांसाच्या वेळी कारण दिलं लेबलांचं आणि आरोग्य-प्रमाणपत्रांचं. जवाला डंपिंगचं (प्रश्न ४ बघा) आणि सरकारी अनुदानाचं. सप्टेंबर २०२० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या सर्वांत मोठ्या धान्य सहकारी संस्थेचा जव थांबवला, तेव्हा कागदावर कारण होतं जवात सापडलेलं ब्रोम गवताचं बी. लाकडात भुंगेरे निघाले. शेवंडीत धातूंचं प्रमाण तपासायचं होतं. वाइनला पुन्हा डंपिंग. कोळशाला तर कागदच नव्हता.

माझं कामच प्रमाणपत्रं वाचायचं आहे, म्हणून सांगते, यातलं एकही कारण हवेतून काढलेलं वाटत नाही. धान्याच्या जहाजात गवताचं बी निघतंच. आमच्या पेढीत सौदा करताना मसुरीचा नमुना पत्र्याच्या थाळीत ओततात आणि बोटाने पसरून बघतात. दर थाळीत एखाददुसरा खडा, काडी, अनोळखी काळं बी असतंच. शोधायचं ठरवलं तर कुठल्याही थाळीत सापडेल. ते शोधायचं कधी ठरतं, एवढाच मुद्दा आहे.

अपवाद एकच. नोव्हेंबर २०२० मध्ये चिनी दूतावासाने ऑस्ट्रेलियन पत्रकारांच्या हाती चौदा तक्रारींचा एक कागद दिला. त्यात ह्वावे होतं, हाँगकाँग आणि तैवान होते, आणि विषाणूच्या चौकशीची मागणीही होती, राजकीय खेळी म्हणून. पण तो कागद म्हणजे आदेश नव्हे. त्याच्यावर कुठल्याही मालाचं नाव नाही. माल एका कागदावर आणि राग दुसऱ्या कागदावर.

४. डंपिंग डंपिंग म्हणतात ते सोप्या भाषेत काय?

समजा कोणी आपल्या देशात मसूर ७० रुपयांना विकतो आणि तीच इंदुरात आणून ५५ला ओततो. इथल्या शेतकऱ्याचं त्यामुळे नुकसान होतंय असं तपासात दिसलं, तर सरकार फरकाइतकं जादा शुल्क लावू शकतं. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत हे बसतं. भारत स्वतः हे हत्यार जगात सर्वांत जास्त वापरणाऱ्या देशांपैकी आहे, तेव्हा नाकं मुरडायला जागा नाही.

गोम आहे ती 'आपल्या देशात ७०' या आकड्यात. निर्यातदाराने दिलेली माहिती अपुरी आहे असं म्हणून तपास करणारा देश आपल्या हाताशी असलेल्या माहितीवरून भाव ठरवू शकतो. शुल्क कुठल्या कुठे जातं ते इथेच. जवाच्या ८०.५ टक्क्यांत ७३.६ डंपिंगचे होते आणि ६.९ अनुदानाचे.

५. म्हणजे जवावरचं शुल्क चौकशीच्या मागणीचा सूडच होता ना?

इथे मी बऱ्याच जणांना नाराज करते.

जवाचा तपास चीनने १९ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू केला होता. तेव्हा कोविड कुणाच्या स्वप्नातही नव्हता. नियमाप्रमाणे असा तपास एका वर्षात आणि फार तर अठरा महिन्यांत संपवावा लागतो. अठरा महिने मोजा, १९ मे २०२० येतो. शुल्क त्याच दिवसापासून लागू झालं. म्हणजे मरीस पेन यांनी तोंडही उघडलं नसतं तरी मे महिन्यात काहीतरी निकाल येणारच होता.

पण तो निकाल 'शुल्क नको' असाही येऊ शकत होता, १० टक्क्यांचाही येऊ शकत होता. आला तो धंदा बंद पाडणारा. आणि त्याच्या मागेपुढे गोमांस, वाइन, कोळसा, लाकूड, शेवंड असं सगळं सहा महिन्यांत एका रांगेत आलं. एकट्या जवावरून काहीच सिद्ध होत नाही. रांग पाहिली की योगायोग म्हणणं जड जातं. परीक्षेत लिहायचं असेल तर 'चौकशीच्या मागणीनंतर' लिहा, 'मुळे' लिहू नका.

गंमत अशी की त्याच १९ मे रोजी जागतिक आरोग्य सभेत (जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्षिक बैठकीत) कोविडवरचा ठराव एकमताने मंजूर झाला. शंभरावर देश सहप्रस्तावक होते, भारतही होता, आणि चीननेही पाठिंबा दिला. त्या ठरावातही चीनचं नाव नाही, वुहानचं नाही. फक्त प्राण्यांतून आलेला स्रोत शोधावा, आणि साथीच्या काळातल्या कामाचं निःपक्ष मूल्यमापन व्हावं, एवढंच.

६. एवढा राग होता तर लोखंडाला हात का लावला नाही?

कारण पर्याय नव्हता. चीनच्या आयातीतलं साधारण ६० टक्के लोहखनिज ऑस्ट्रेलियातून येत होतं आणि ब्राझीलला एकट्याला ती जागा भरता येण्यासारखी नव्हती. मे २०२१ मध्ये लोहखनिजाचा भाव टनाला २३० डॉलरच्या वर गेला. शिक्षा झालेल्या मालात ऑस्ट्रेलियाने जे गमावलं, त्यावर या एका मालाने पांघरूण घातलं. घाव घालताना चीनने तोच माल निवडला ज्याच्यावाचून आपलं अडणार नाही. कोळशात मात्र अंदाज चुकला, त्याबद्दल पुढे.

७. ऑस्ट्रेलियाचं दिवाळं निघालं का?

देशाचं नाही. काही गावांचं मात्र कंबरडं मोडलं.

जवाला सौदी अरेबिया मिळाला, पशुखाद्यासाठी. भाव कमी, पण माल खपला. मेक्सिकोचे बिअरवालेही पुढे आले. कोळसा भारत, जपान, कोरियाकडे वळला. उलट २०२१च्या शरद ऋतूत चीनमध्येच विजेची टंचाई झाली, तेव्हा बंदरांवर वर्षभर पडलेला ऑस्ट्रेलियन कोळसा चीनने गुपचूप सोडवून घेतला. त्याआधी त्याच गोदामांतला काही कोळसा स्वस्तात विकला गेला होता आणि घेणारे होते आपले भारतीय व्यापारी. म्हणजे ऑस्ट्रेलियाहून निघून चीनचं पाणी पिऊन आलेला कोळसा आपल्या भट्ट्यांत जळला.

वाइनचं मात्र खरंच वाईट झालं. चीन ही त्यांची सर्वांत मोठी बाजारपेठ होती, वर्षाला अब्जभर ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर, ती जवळजवळ शून्यावर आली. जव हे एका हंगामाचं पीक, पुढच्या वर्षी दुसरं पेरता येतं. द्राक्षाची बाग पंचवीस वर्षांची असते. २०२३ पर्यंत टाक्यांमध्ये दोन अब्ज लिटरहून जास्त वाइन तुंबल्याचा अंदाज होता आणि लोक वेली उपटत होते. नाशिककडच्या कुणाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

शेवंडीने आपली वाट शोधली. हाँगकाँगची आयात अचानक फुगली. तिथून पुढे ती कुठे गेली असेल याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

८. भारतीय खलाशी अडकले होते तो किस्सा याच भांडणातला का?

हो, आणि आपल्याकडे त्याची आठवण फार लवकर पुसली गेली.

'जग आनंद' हे मुंबईच्या कंपनीचं जहाज ऑस्ट्रेलियाचा कोळसा घेऊन जून २०२० पासून चीनच्या जिंगतांग बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं. त्यावर २३ भारतीय. 'अनास्तासिया' सप्टेंबरपासून काओफेइदियन बंदराबाहेर, त्यावर १६ भारतीय. माल उतरवू देत नव्हते, आणि कोविडचे नियम सांगून खलाशी बदलूही देत नव्हते. किनारा दिसतोय, उतरायची परवानगी नाही. एका जहाजावर सात महिने. चीनचं म्हणणं होतं की हा साथीच्या नियमांचा प्रश्न आहे, ऑस्ट्रेलियाशी त्याचा संबंध नाही. (प्रश्न ३ पुन्हा वाचा.) शेवटी 'जग आनंद' जपानच्या चिबा बंदराला नेलं, तिथे खलाशी बदलले आणि जानेवारी २०२१ मध्ये ते २३ जण घरी आले. 'अनास्तासिया'ची माणसं फेब्रुवारीत आली.

भांडण चीन आणि ऑस्ट्रेलियाचं, आणि अडकले आपले.

९. विषाणू गोठवलेल्या मासळीतून आला असं चीन म्हणत होता. त्याचा व्यापाराशी काय संबंध?

फार जवळचा. २०२० च्या उत्तरार्धात चीनने आयात झालेल्या गोठवलेल्या अन्नाच्या वेष्टनांवर विषाणूच्या खुणा सापडल्याचं सांगायला सुरुवात केली, आणि साथीचा उगम बाहेरून आलेल्या थंड मालात असू शकतो असा विचार तिथे पुढे आला. जो देश म्हणत होता की उगमाचं राजकारण करू नका, त्याच देशात उगमाचं एक मत आयातीचा नियम होऊन बसलं. कोळंबी, मासे, डुकराचं मांस, जगभरातून येणारा सगळा थंड माल तपासणीच्या रांगेत लागला. भारतीय मासळीचे पुरवठादारही काही काळ थांबवले गेले आणि आपल्या किनाऱ्यावरचे कंटेनर तिथल्या बंदरांवर ताटकळले. ही सक्तीची तपासणी जानेवारी २०२३ मध्ये उठली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पथकाने आणि चिनी शास्त्रज्ञांनी मार्च २०२१ मध्ये जो संयुक्त अहवाल दिला, त्यात गोठवलेल्या मालाची शक्यता 'शक्य' या रकान्यात होती, मधल्या एखाद्या प्राण्यातून आल्याची 'संभाव्य ते फार संभाव्य', आणि प्रयोगशाळेतून निसटल्याची 'अत्यंत असंभाव्य'. अहवाल बाहेर आला त्याच दिवशी संघटनेचे प्रमुख तेद्रोस म्हणाले की सगळ्याच शक्यता अजून खुल्या आहेत.

१०. मग शेवटी उगम सापडला का?

निर्विवाद पुरावा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये सॅगो नावाचा तज्ज्ञगट नेमला. त्यात आपले डॉ. रमण गंगाखेडकर होते, लॉकडाऊनमध्ये रोज संध्याकाळी पत्रकार परिषदेत दिसायचे तेच. जून २०२५च्या अहवालात या गटाने म्हटलं की हाती असलेल्या पुराव्याचं वजन प्राण्यांतून माणसात येण्याकडे झुकतं, पण चीनकडून मागितलेली बरीच माहिती मिळाली नाही, म्हणून कोणतीही शक्यता बाद करता येत नाही. अमेरिकेच्या गुप्तचर संस्थांमध्येच एकमत नाही. एफबीआय मध्यम खात्रीने प्रयोगशाळेकडे बोट दाखवते, सीआयएने जानेवारी २०२५ मध्ये कमी खात्रीने तेच म्हटलं, बाकीच्या काही संस्थांचा कल प्राण्यांकडे.

आपल्या विषयापुरतं सांगायचं तर ८० टक्के, २१८ टक्के, बंदराबाहेरची जहाजं, यातल्या कशानेही या प्रश्नाचं उत्तर एक इंचही पुढे सरकलं नाही. चौकशी मागणाऱ्याला चौकशी मिळाली नाही, आणि ती नको असणाऱ्यावरचा संशय वाढला.

११. एखादा देश साथीची माहिती लपवेलच कशाला?

लांब जायला नको, १९९४चं सुरत आठवा. सप्टेंबरात प्लेगची बातमी फुटली आणि सुरतेतून लाखो माणसं मिळेल त्या गाडीने निघाली. इंदुरातही रुमालाने तोंड बांधून फिरणारे लोक माझ्या वडिलांना चांगले आठवतात. मृत्यू पन्नासच्या आसपास झाले. पण आखाती देशांनी विमानं थांबवली, काहींनी भारताचं धान्य आणि खाद्यपदार्थ नाकारले, पर्यटक परत फिरले. जागतिक आरोग्य संघटना अशा बंदीची गरज नाही असं सांगत असतानाही. नुकसानीचे अंदाज पावणेदोन ते दोन अब्ज डॉलरचे आहेत.

नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी ओमायक्रॉनची माहिती प्रामाणिकपणे आणि झटपट जगाला दिली. बक्षीस म्हणून दोन दिवसांत त्यांच्या विमानांवर बंदी आली. खरं बोलणाऱ्याचं दुकान पहिलं बंद होत असेल तर पुढचा देश बोलताना विचार करणार. यातून चीनचं वागणं बरोबर ठरत नाही, फक्त समजतं.

१२. भारतानेही चौकशीच्या ठरावाला पाठिंबा दिला होता. टिकटॉकवर बंदी त्याचाच भाग होती का?

नाही, ही सरमिसळ फार होते. एप्रिल २०२० मध्ये भारताने शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी परवानगी सक्तीची केली. साथीत भाव पडलेल्या कंपन्या कोणी स्वस्तात गिळू नये म्हणून. कारण साथीचं, पण उगमाचं नव्हे. ५९ अ‍ॅपवरची बंदी २९ जूनची, गलवानच्या चकमकीनंतर दोन आठवड्यांनी, आणि कागदावर कारण देशाच्या सुरक्षेचं.

१३. आणि ट्रम्पचे टॅरिफ? ते तरी कोविडचे?

तेही नाहीत. चीनवरचे अमेरिकी टॅरिफ २०१८ पासूनचे, तंत्रज्ञानाच्या चोरीचं कारण देऊन लावलेले. एप्रिल-मे २०२०च्या सुमारास ट्रम्प यांनी साथीची शिक्षा म्हणून टॅरिफ लावता येतील असं बोलून दाखवलं, लावले नाहीत. २०२५ मध्ये चीनवर पहिला बोजा पडला त्याचं कारण होतं फेंटानिल हे नशेचं औषध.

कोर्टाची वाट मात्र एका राज्याने धरली. मिसुरी राज्याने एप्रिल २०२० मध्ये थेट चीनवर दावा लावला. परक्या सरकारवर असा दावा सहसा टिकत नाही, त्यामुळे बहुतेक मुद्दे गळाले. मास्क आणि संरक्षक साहित्य साठवून ठेवल्याचा व्यापारी मुद्दा तेवढा वरच्या कोर्टात तगला. चीन हजरच राहिला नाही आणि मार्च २०२५ मध्ये २४ अब्ज डॉलरचा एकतर्फी निकाल लागला. वसुली हा वेगळा विषय. विषाणूचा दावा म्हणून सुरू झालेली गोष्ट शेवटी साठेबाजीच्या कलमावर तरली हे बघून मला तरी हसू आलं.

१४. पीथमपूरला औषधाच्या कारखान्यात आहे. २०२० मध्ये कच्चा माल तुटला तो याच भांडणामुळे ना?

नाही. आपल्या बल्क ड्रगच्या आयातीतला सुमारे दोन तृतीयांश भाग चीनचा, आणि तिथले कारखाने साथीने बंद होते. उलट मार्च २०२० मध्ये भारतानेच पॅरासिटामॉलसह २६ औषधांच्या आणि घटकांच्या निर्यातीवर बंधन घातलं, तेव्हा बाहेरचे देश आपल्या नावाने बोटं मोडत होते. त्याच महिन्यात बल्क ड्रग इथे बनवण्यासाठी ६,९४० कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर झाली.

१५. ऑस्ट्रेलियाने मग जागतिक व्यापार संघटनेत दावा जिंकला का?

निकालापर्यंत गेलाच नाही. जवाचा दावा डिसेंबर २०२० मध्ये दाखल झाला, वाइनचा जून २०२१ मध्ये. संघटनेचं अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंद पडलेलं आहे, पण चीन आणि ऑस्ट्रेलिया दोघंही पर्यायी अपील व्यवस्थेत सामील होते, त्यामुळे निकाल खुंटीला टांगून ठेवणं चीनला सोपं नव्हतं. जवाचा अहवाल जाहीर व्हायच्या बेतात असताना, एप्रिल २०२३ मध्ये, सौदा झाला. ऑस्ट्रेलियाने दावा थांबवायचा, चीनने शुल्काचा फेरविचार करायचा. ५ ऑगस्ट २०२३ रोजी जवावरचं शुल्क गेलं. वाइनचं याच पद्धतीने २९ मार्च २०२४ ला. कोळसा जानेवारी २०२३ पासून वाहू लागला होता, लाकूड मे महिन्यात सुटलं, आणि सर्वांत शेवटी, डिसेंबर २०२४ मध्ये, शेवंड.

मधल्या काळात, मे २०२२ मध्ये, ऑस्ट्रेलियात सरकार बदललं होतं. नवे पंतप्रधान अल्बानीज यांनी चौकशीची मागणी मागे घेतल्याचं जाहीर केलं नाही, आवाज खाली आणला. चीननेही शुल्क उठवताना कारण दिलं ते बाजारातली परिस्थिती बदलल्याचं. जाताना पण विषाणूचं नाव नाही!

१६. इंदूरला याचा काय फायदा-तोटा? मसूर यामुळेच इतकी येते का?

थोडीशी. चीनचा धडा मिळाल्यावर ऑस्ट्रेलियाला दुसरी गिऱ्हाइकं हवी होती, आणि वर्षानुवर्षं रखडलेल्या भारताशी कराराला वेग आला. २ एप्रिल २०२२ रोजी सही झाली, २९ डिसेंबर २०२२ पासून अंमल. त्यात वर्षाला दीड लाख टन मसुरीवर निम्मं शुल्क, लांब धाग्याच्या कापसाला ५१ हजार टनांपर्यंत शुल्कमाफी, कोकिंग कोळशावरचं अडीच टक्के गेलं, वाइनवरचं टप्प्याटप्प्याने उतरतंय. आपल्या औषधांना तिकडे लवकर मंजुरी.

पण जुलै २०२१ पासून मसुरीवरचं मूळ आयात शुल्क भारताने ऑस्ट्रेलियासह बहुतेक देशांसाठी शून्य केलेलं होतं. शून्याचं निम्मं शून्यच. मार्च २०२५ मध्ये १० टक्के लागल्यावर या सवलतीला खरा अर्थ आला. मसूर येते ती मुख्यतः आपल्याकडे कमी पिकते म्हणून आणि तिकडे भरपूर पिकते म्हणून.

१७. चीन असं करतो, आपण नाही करत, बरोबर?

डिसेंबर २०१७ मध्ये भारताने चण्यावर ३० टक्के शुल्क लावलं आणि मार्च २०१८ पर्यंत ते ६० वर नेलं. ऑस्ट्रेलियाच्या चणेवाल्यांना विचारा त्यांना कसं वाटलं. त्यामागे राग नव्हता, इथल्या शेतकऱ्याचा पडलेला भाव होता. मे २०२४ मध्ये गरज पडली तशी सूटही दिली. तरी समुद्रात असलेल्या जहाजाला हेतू काय आणि शुल्क काय, सारखंच.

कीड मारायला मालाला औषधाची धुरी देतात, तिच्या नियमाचंही तसंच. एका वर्षी आमचा मसुरीचा एक कंटेनर बंदरावर नऊ दिवस उभा राहिला, कारण फायटो प्रमाणपत्रावर (माल कीड-रोगमुक्त असल्याच्या दाखल्यावर) धुरीच्या औषधाच्या रकान्यात मात्रा लिहिली होती, औषधाचं नावच नव्हतं. चूक माल पाठवणाऱ्याची, नजर चुकली ती माझी, आणि बंदराचं भाडं पेढीच्या खात्यात. तिथे कोणालाही कोणाचा राग आलेला नव्हता. नऊ दिवस मात्र राग आल्यासारखेच गेले.

१८. नव्या महामारी करारात यावर काही उपाय आहे का?

२० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य सभेने महामारी करार स्वीकारला. विषाणूचे नमुने देणं आणि त्या बदल्यात लशी-औषधांत वाटा मिळणं हा त्याचा गाभा, आणि त्याचे तपशील परिशिष्टावर सोडले होते. माहिती देणाऱ्या देशावर व्यापारी बहिष्कार पडला तर भरपाई कोण करणार, याचं उत्तर त्यात नाही. युरोपीय संघाने स्वतःपुरता वेगळा मार्ग काढला. आर्थिक दमदाटी करणाऱ्या देशाला उलट उत्तर देण्याचा कायदा तिथे डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. त्यामागे चीनने लिथुआनियाचा माल अडवल्याचं प्रकरण होतं, पण ते तैवानवरून झालं, विषाणूवरून नव्हे, म्हणून इथे शिरत नाही.

१९. आम्ही छोटे आयातदार. अशी अघोषित बंदी आली तर करार आपल्याला वाचवतो का?

बहुतेक नाही, आणि हे वाचूनच सही करा. धान्य-डाळींचे परदेशी सौदे बहुधा गाफ्ता या धान्य-व्यापाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या छापील करारावर होतात. त्यातलं बंदीचं कलम माल जिथून निघतो त्या देशाच्या सरकारने निर्यात रोखली तर लागू पडतं. माल जिथे उतरणार त्या देशाने अडवला, शुल्क वाढवलं किंवा फोनवरून 'घेऊ नका' सांगितलं, तर ते सहसा खरेदीदाराच्या कपाळी. आणि फोनवरच्या आदेशाची प्रत नसते, त्यामुळे लवादापुढे दाखवायलाही हातात काही राहत नाही. २०२० मध्ये चिनी कोळसा खरेदीदारांचे वकील याच भिंतीवर डोकं आपटत असणार.

आमच्या पेढीत तेव्हापासून एक ओळ हाताने घालायला लावतात. शुल्क सौद्याच्या तारखेनंतर बदललं तर फरक कोणी भरायचा ते नावानिशी लिहायचं. विकणारा कुरकुरतो. दोन फोन होतात. मग बहुतेक वेळा फरक अर्धा-अर्धा ठरतो आणि सौद्याच्या चिठ्ठीवर निळ्या शाईत ती ओळ चढते.